भिडेपोटी दिलेला होकार

लाइट यायला अजून दोन तास आहेत, तर हा मोहनकाका सांगतो ते ऐका. कुश, फोन ठेव खाली. ही माझ्या भाच्याची, अनुपची गोष्ट. तो भुतंबितं मानत नाही. अजूनही नाही.

अनुप रेडमंडच्या एका छोट्या चॉकलेट कंपनीत आहे. हवाईत हिलोजवळ दोन-चार एकरांचे कोकोचे मळे आहेत. तिथे फिरून वाळवलेल्या बिया बघायच्या, चांगल्या असल्या तर घ्यायच्या, हे त्याचं काम. त्यातला एक मळा राजारामकाकांचा. मूळचे नागपूरचे, रिटायर होऊन एकटेच तिथे राहिलेले.

दोन वर्षांपूर्वी काकांच्या बियांना बुरशीचा वास येत होता. अनुप नाही म्हणणारच होता. पण काकांनी आधी जेवायला बसवलं, मटणाचा रस्सा वाढला. मग हा म्हणाला, "पुढचं पीक सगळं मीच नेईन, काका." घरी आला आणि त्यांचे फोन उचलणं बंद केलं.

काय म्हणालीस, अनिका? 'ही लाइड'? खोटं बोलला असं नाही गं, भीड. भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे भीक दुसऱ्याच्या वाट्याला आली, आणि त्याचा मला आजही राग येतो.

गेल्या अकरा नोव्हेंबरला, मंगळवारी, तो हवाईतल्याच दुसऱ्या एका मळ्यावरून काकांच्या रस्त्यानं परत येत होता. सात चाळीस झाले होते. काकांच्या शेडमध्ये दिवा दिसला. आज माफी मागू, खरं सांगून टाकू, असं ठरवून त्यानं गाडी लॉक केली आणि आत गेला.

काका पाठमोरे. दाताळ्यानं बिया पसरत होते.

"जय भीम, काका."

दाताळं थांबलं. मान वळली नाही.

"उशीर केलास."

"काका, ते मी..."

"नेणार ना?"

खरं बोलायला त्यानं तोंड उघडलं. आणि म्हणाला, "हो."

दिवा गेला...

कसाबसा गाडीत बसला. थेट हिलोच्या पेट्रोल पंपावर थांबला. तिथल्या बाईनं सांगितलं, म्हातारा जूनमध्येच गेला. आलेली गिऱ्हाइकं परत पाठवायचा, म्हणायचा, माझा माणूस येणार आहे. पीक सडलं. त्या सडलेल्या बियांवरच पडलेला सापडला. आता तिथे शेड नाही, झाडंही कापली.

अनुपनं पाण्याची बाटली काढायला डिकी उघडली.

आत पोतं होतं. काठोकाठ भरलेलं.

त्यानं बियांत हात घातला. रात्रीचे नऊ वाजले होते... आणि बिया उन्हातून आत्ता उचलल्यासारख्या गरम होत्या.