शिट्टी होईपर्यंत

एरिकानं केक फडक्यात बांधला, टोपी कानांवर ओढली आणि नेहमीची साडेअकराची बस पकडली. वर्षातला घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना असला की मध्यंतराला खसखशीचा केक तिच्या घरचा, हे ओल्शिनात ठरलेलंच होतं. बसमधून ती उतरली तेव्हा धुकं जमिनीलगत होतं, कुत्र्याच्या पोटाला लागेल एवढं. तिकिटाच्या खिडकीपाशी पोचेपर्यंत ते तिच्या खांद्यावर आलं.

ओल्शिनाची कोळशाची खाण बंद पडून वीस वर्षं उलटली होती. खाणीबरोबर निम्मं गाव उठून गेलं. खाणीचा फुटबॉल संघ तेवढा मागे राहिला, अगदी तळाच्या गटात, आणि त्याच्या पाठीशी ऐंशी-नव्वद हट्टी माणसं. त्या शनिवारी त्या माणसांना पूर्वार्धात काहीसुद्धा दिसलं नाही. समोरचा गोल धुक्यानं गिळून टाकला होता. चेंडूवर बूट बसल्याचा आवाज यायचा, कुणीतरी शिवी हासडायचा, की पुन्हा सारं गप्प.

मध्यंतर झालं तशी चौघंजण आतल्या जिन्यानं प्रेक्षकांच्या बाकांखालच्या खोलीत उतरली. तिथे एक पिवळा बल्ब, कोळशाची शेगडी, दोन बाक आणि फाटकाच्या वाटेवर उघडणारं लोखंडी दार. डोक्यावर फळ्या. वर कुणी पाय आपटले की चहात धूळ पडायची.

चौघांत सर्वांत म्हातारा आलोइस, वय चौऱ्याऐंशी. त्यानं चाळीस वर्षं मैदानाच्या फाटकावर तिकिटं फाडली होती. दुसरा गिंटेक, निवृत्त वायरमन, जिभेला हाड नसलेला. तिसरी एरिका. आणि चौथी विओला, तेवीस वर्षांची, पाठीराख्यांत नवी. संघाला शंभर वर्षं होत होती, म्हणून ती जुन्या पाठीराख्यांच्या पहिल्यावहिल्या सामन्याच्या आठवणी वहीत उतरवून घेत होती.

"लिही पोरी," गिंटेक केकचा तुकडा तोंडात कोंबत म्हणाला. "मी सात वर्षांचा. बाप म्हणाला, आज आपणच जिंकणार. पाच गोलांनी हरलो. परत येताना बाप म्हणाला, आईला सांगू नकोस हं. मी म्हटलं, हरलो ते? तर म्हणे, नाही रे गाढवा, सामन्याला गेलो ते. तिला वाटतंय आपण चर्चमध्ये आहोत."

विओला हसली. "आणि आजोबा, तुमचा?"

"मी सामना कधी पाहिलाच नाही, बाळ," आलोइस शेगडीकडे बघत म्हणाला. "फाटकावरचा माणूस. मैदानाकडे कायम पाठ."

"एरिका मावशी?"

"तिचा नाद सोड," गिंटेक म्हणाला. "तीस वर्षं विचारतोय. म्हणे आठवत नाही! लग्नात नवऱ्याच्या मोज्याला भोक होतं ते आठवतं, पहिला सामना आठवत नाही."

एरिका दाराकडे बघत होती. दाराखालच्या फटीतून धुक्याची पातळ जीभ आत आली होती आणि फरशीवर पसरत होती. असं धुकं तिनं आयुष्यात एकदाच पाहिलं होतं.

"आठवतो," ती म्हणाली. "सगळा आठवतो."

गिंटेकनं चावणं थांबवलं.

"नऊ वर्षांची होते. बाबा पहाटेच्या पाळीला खाणीत, आई धुलाईघरात कामाला. घरी मी एकटी. बाराच्या सुमाराला दार वाजलं. उघडलं तर बाबा. अंगावर खाणीतले कपडे, तोंड काळंकुट्ट, आणि डोक्यापासून पायापर्यंत निथळत होते. बाबा कधी अंघोळ केल्याशिवाय खाणीतून घरी आले नव्हते. म्हणाले, टोपी घाल, सामन्याला जायचंय. वर्षभर मी मागे लागले होते, तर म्हणायचे, पोरींचं काय काम तिथं? मी म्हटलं, आत तरी या, कपडे बदला. तर उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, वेळ नाही."

वर पावलांची धडधड झाली. उत्तरार्ध सुरू होत होता. चौघांपैकी कुणीच उठलं नाही.

"त्यांचा हात इतका गार होता... विहिरीतला दगड धरावा तसा. बाकावर बसलो. असंच धुकं. मला काही म्हणता काही दिसेना. पण बाबांना दिसत होतं. हळू आवाजात सांगत होते... आता चेंडू डावीकडे गेला. आता तो पडला. आता गोल. आणि ते म्हणून झाल्यावर, मग लोक ओरडायचे."

"आधी नाही?" गिंटेकनं विचारलं.

"नाही. नंतर."

तिनं घोटभर चहा घेतला. तो कधीच निवला होता.

"मध्यंतराला उठले. म्हणाले, चहा आणतो. मग वाकून कानाशी म्हणाले, शेवटची शिट्टी होईपर्यंत इथून हलायचं नाही. कुणी हाक मारली तरी. आईनं मारली तरी. आणि गेले. परत काही आले नाहीत."

"हाक आली?" विओलाची पेन्सिल कधीची थांबली होती.

"आली. आईचीच. माझ्या मागून, अगदी मानेपाशी. एरिका, चल घरी, जेवण गार होतंय. तोच चिडका, दमलेला आवाज. मी बाकाची फळी दोन्ही हातांनी धरून रडत बसले. मागे वळले नाही. शिट्टी झाली तेव्हा बोटं सोडवता येईनात."

"आणि मग?"

"आमच्या गल्लीत आले तर घर नव्हतं. खाली खाणीचे जुने बोगदे ढासळले होते. जमीन खचली आणि तीन मजल्यांचं घर आत गेलं. आई रस्त्यावर होती. मला बघितलं आणि मटकन खालीच बसली. ती सबंध दिवस धुलाईघरात होती. तिनं मला हाक मारलीच नव्हती." एरिकानं चहाचा पेला खाली ठेवला. "बाबांना दोन दिवसांनी वर काढलं. खाणीत पाणी घुसलं होतं... सकाळी दहाला. डॉक्टर म्हणाले, तेव्हाच गेले. मी आईला सांगितलं, मी एकटीच सामन्याला गेले होते. तिला शेवटपर्यंत तेच माहीत होतं."

गिंटेकनं छातीवर क्रूसाची खूण केली.

"एकटी नव्हतीस," आलोइस म्हणाला.

त्याचा आवाज इतका खाली गेला होता की तिला पुढे वाकावं लागलं.

"फाटकावर मी होतो. तुझा बाप विक्टर आला तो मी पाहिला. म्हटलं, काय रे, आज पाळी अर्ध्यावर? तो बोलला नाही. त्याच्या दोन्ही हातांना दोन मुलं होती."

"मी एकुलती एक आहे, आलोइस."

"तुमच्या तळमजल्यावरचा फ्रानेक. पाच वर्षांचा."

फ्रानेक आणि त्याची आजी त्या ढिगाऱ्याखाली सापडली होती. दोघं घरातच होती, झोपली होती, असं सगळं गाव समजत होतं. एरिकाला बाबांचा तो मोठा, ओला कोट आठवला. सगळ्या वाटेवर धुकं होतं आणि त्यांच्या पलीकडे काय आहे ते कोटाआड दिसत नव्हतं. मध्यंतराला तिच्या कानाशी बोलून झाल्यावर बाबा पलीकडे वाकले होते आणि म्हणाले होते, तूही ऐकलंस ना? शेजारच्या कुणाला तरी म्हणत असतील, असं ती बावन्न वर्षं समजत आली होती.

"मग तो घरात कसा सापडला?" गिंटेकनं विचारलं.

"उत्तरार्धात तो फाटकाशी आला. एकटाच. म्हणाला, काका, फाटक उघडा, आजी बोलावतेय. आणि हाक मलाही ऐकू आली रे... धुक्यातून, म्हातारीचाच आवाज. मी उघडलं." आलोइस एरिकाकडे वळला. "मी फाटक उघडलं, एरिका. कुणाला सांगणार? कोण विश्वास ठेवणार?"

तेवढ्यात विओलानं मान वर केली.

"आई?"

"काय गं?"

"माझी आई आलीय. बाहेर हाक मारतेय." ती वही बाजूला ठेवून उठली. "ऐकू नाही आलं तुम्हाला?"

"तुझी आई रिबनिकला असते ना?" गिंटेक म्हणाला.

"हो, पण... आलीच असेल ना बसनं! थंडीत उभी आहे ती."

एरिकाला काही ऐकू आलं नव्हतं. आणि मग आलं. दारापलीकडून, चिडकं, दमलेलं. *एरिका, चल, जेवण गार होतंय.* आईला जाऊन अकरा वर्षं झाली होती. तिनं गिंटेककडे पाहिलं. तो दाराकडे टक लावून बसला होता आणि त्याचे ओठ मेलेल्या बायकोचं नाव पुटपुटत होते.

एरिकानं झेप घेऊन विओलाचं मनगट धरलं.

"मावशी, सोडा!"

"शिट्टी होईपर्यंत नाही."

"दुखतंय मला! वेड लागलंय का तुम्हाला? आई, आले मी!"

गिंटेक उठला. क्षणभर एरिकाला वाटलं, हा दार उघडणार. पण तो दाराला पाठ लावून खाली बसला आणि डोळे मिटून घेतले. "मी उठायला लागलो," तो म्हणाला, "तर डोक्यात किटली घाल माझ्या. खरंच सांगतोय."

बाहेरची हाक थांबेना. वरची पावलं मात्र एकाएकी थांबली होती, जणू मैदानातली सगळी माणसं श्वास रोखून उभी होती. विओला रडत होती, ओढत होती, तिच्या मनगटावर एरिकाची नखं रुतली होती. घड्याळात किती वाजले, किती मिनिटं उरली, काही कळायला मार्ग नव्हता.

मग दार वाजलं. वर नाही, खाली. गिंटेकच्या पाठीशी, गुडघ्याच्या उंचीवर. टक... टक.

"काका... फाटक उघडा."

आलोइस उभा राहिला.

"बसा!" एरिका ओरडली. "आलोइस, तुम्हीच आत्ता सांगितलंत ना..."

"तेव्हा तो बाहेर जायचं म्हणत होता. आता आत यायचं म्हणतोय."

"आणि तो नसलाच तर? दुसरंच काही असलं तर?"

म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत भीती होती, पण तिच्याही खाली दुसरं काहीतरी होतं, फार जुनं, झिजून गुळगुळीत झालेलं. "असलं तर असलं," तो म्हणाला. "त्या आवाजाला मी पुन्हा बाहेर ठेवणार नाही. गिंटेक, सरक."

गिंटेक सरकला. का, ते त्याला नंतर कधीच सांगता आलं नाही.

आलोइसनं दार हातभर उघडलं. बाहेर धुकं भिंतीसारखं उभं होतं. एरिकानं विओलाला छातीशी आवळून धरलं. आलोइस बाजूला झाला, चाळीस वर्षं फाटकावर व्हायचा तसा, थोडा वाकला, कुणाच्या तरी पाठीवर हात ठेवावा तसा हात फिरवला आणि दार लावून घेतलं. आत कुणी आलेलं एरिकाला दिसलं नाही. पण खोलीत वास भरला, ओल्या कोळशाचा, ओल्या कोटाचा.

आलोइस बाकावर बसला, शेजारी थोडी जागा सोडून.

आणि बाहेरच्या हाका बदलल्या. आई नाही, बायको नाही, कुणीच नाही. चौघांची चार नावं एकदम ऐकू येत होती, एकाच तोंडातून, आणि त्या तोंडाला घाई झाली होती. दाराच्या पत्र्यावरून काहीतरी लांबच लांब घसरत गेलं...

शिट्टी झाली. तीनदा.

सारं शांत झालं. मग पोती उलथवावीत तसा धपधप आवाज झाला आणि पायांखालची फरशी हलली. बऱ्याच वेळानं गिंटेकनं दार किलकिलं केलं. पाच पावलांपलीकडे वाट नव्हती. मैदानाचं फाटक खड्ड्याच्या कडेला तिरकं लोंबत होतं आणि आत दगड घरंगळत होते. ते तळाशी पोचल्याचा आवाज काही आला नाही.

"चला," गिंटेक म्हणाला. "आतल्या जिन्यानं वर."

विओला एरिकाला बिलगून चालत होती. तिच्या मनगटावर रक्त आलं होतं. जिन्याच्या मधल्या वळणावर तिच्या खिशातला फोन वाजला. पडद्यावर आईचं नाव. एरिकाचा हात न सोडता तिनं तो समोर धरला, स्पीकर चालू करून.

"कुठे राहिलीस गं?" आई हसत होती. मागे भांड्यांचा आवाज, उकळणाऱ्या सूपचा आवाज. "मघाशी फोन केला तर म्हणालीस, आलेच. पानं वाढून बसलेय मी."

"आई... मी फोन उचललाच नाही."

"हो का! मग कोण बोललं, तुझं भूत? बरं बाई, ठेवते. जिन्यावर तुझी पावलं वाजतायत, आता कशाला पैसे घालवायचे?"

आणि फोनमधून, आईच्या घराच्या दारापलीकडून, विओलाचा आवाज आला. मघाशी खालच्या दाराशी ‘आले मी’ म्हणालेला तोच, स्वच्छ, थोडा दमलेला.

"आई, दार उघड."

एरिकानं शेजारी पाहिलं. विओलाचे ओठ मिटलेले होते.

"आई! उघडू नकोस!" विओला किंचाळली. "आई, ऐक, ती मी नाही..."

पण फोन तिकडे बंद न करताच टेबलावर ठेवला गेला होता. चपलांची फटफट लांब जात होती. कडी निघाली.

"अगं, किती भिजलीस!" आईचा आवाज लांबून आला, अजून हसराच. मग तो अडखळला. "आणि... ही एवढी सगळी माणसं कोण गं, तुझ्या मागे?"