चारशे तेरावी ओळ

स्क्रीनवर चारशे बारा नोंदी होत्या आणि फाइलमध्ये चारशे तेरा ओळी. पहिल्यांदा खटकलं ते एवढंच.

काम साधं होतं. हॉस्पिटलच्या जुन्या डेटाबेसमधून मृतांच्या नोंदी काढायच्या, प्रत्येक नोंदीची एक इन्सर्टची ओळ बनवायची आणि ती फाइल नव्या डेटाबेसवर चालवायची. क्वेरी नुसतं विचारते, कोण कोण आहे? इन्सर्टची ओळ हुकूम सोडते, हिला आत घे. म्हणून आधी ओळी मोजायच्या, मग चालवायच्या, असा आमचा नियम. पण चारला भेटीची वेळ सुरू होणार होती. वर तिसऱ्या मजल्यावर ताई होती, पित्ताशयाचं ऑपरेशन होऊन दोन दिवस झालेले. उद्या घरी सोडणार होते. मी घाईत आधी फाइल चालवली, मग मोजली.

"दादा, एक ओळ जास्त येतेय..." मी शेजारच्या टेबलावरच्या सीनियरला म्हटलं.

"आली असेल एखादी डबल. तू तर प्रिंटर सुरू झाला तरी दचकतेस!"

मी शेवटची ओळ वाचली. ताईचं नाव. तिचा वॉर्ड, तिची खाट. मृत्यूची वेळ आजची, चार वाजून दहा मिनिटं.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून गेले होते.

तळघरातला एसी घरघरत होता. कुठून तरी ओल्या कापडाचा वास येऊ लागला... मी ती नोंद पुसायची कमांड दिली. उत्तर आलं, शून्य नोंदी पुसल्या. पुन्हा दिली. शून्य. नोंद मात्र जागच्या जागी.

दादा उठून माझ्या मागे येऊन उभा राहिला. या वेळी हसला नाही.

"हिला आत कुणी घातलं?" त्यानं हळूच विचारलं.

"मी..."

"वर जा. पळ!"

लिफ्टचा आकडा तीनवरच अडकला होता. फोन कानाला लावून मी जिना चढू लागले. रिंग वाजत होती, कुणी उचलत नव्हतं. पुन्हा लावला. दुसऱ्या मजल्यावर पायांत गोळे आले, तेव्हा कुठे रिंग थांबली.

"ताई? ताई, कुठे आहेस?"

"अगं, किती फोन करशील!" ताईला धाप लागली होती. "निघालोय आम्ही. तू पाठवलेल्या बाई आल्यात ना न्यायला. टाके दुखतायत म्हटलं, तर ऐकेचनात... माझा हात तेवढा सोडायला सांग ना गं त्यांना. फार गार आहेत बोटं."