चंद्रभानच्या फळीवरची ओल

एप्रिलच्या शेवटी नागपुरात, भर दुपारी, सागाच्या फळीवर उमटलेला ओल्या गुडघ्याचा ठसा सहा ते सात मिनिटांत सुकतो. कडा आधी जातात, मधला भाग शेवटी. त्यानंतर बोट फिरवलं तर फळी कोरडी आणि कोमट लागते.

हे मी चार वेगवेगळ्या दुपारी करून पाहिलं आहे.

२५ एप्रिल १९७४, गुरुवार. त्या दिवशी चॅपलमधल्या, म्हणजे प्रार्थनाघरातल्या, एका फळीवरचे दोन ठसे पावणेतीनला ओले होते.

साडेचारलाही ओलेच होते...

ही हकिगत माझ्या थोरल्या भावाची, कवडूची. त्याने ती आयुष्यात एकदाच सांगितली, एका बैठकीत, पदरचं काही न घालता. मीही घालणार नाही. कुणाला पटली नाही तर माझी तक्रार नाही. पण घडलं ते असंच.

कवडू तेव्हा तेवीस वर्षांचा होता आणि फादर होण्यासाठी शिकत होता. नागपूरच्या बाहेर, सावनेरच्या रस्त्याला, संत्र्याच्या जुन्या बागेत त्यांची सेमिनरी होती. आज ती नाही. नाव सांगत नाही.

आमच्या आईची, तुळसाबाईची, कवडूच्या आधीची दोन मुलं गेली होती. म्हणून दृष्ट लागू नये असं, कवडीमोलाचं नाव याला दिलं, कवडू. हा जगला तर देवाला देईन, असं ती चर्चमध्ये बोलून बसली होती. तो सेमिनरीत गेला त्या दिवसापासून तिने चहात साखर घातली नाही. तो फादर झाल्यावरच घालणार होती.

पाच वर्षं झाली होती. आणखी तीन उरली होती.

कवडूच्या शेजारची जागा चंद्रभानची. दोघं एकाच दिवशी दाखल झालेले, म्हणून चॅपलमध्येही शेजारी, जेवायलाही शेजारी. चंद्रभान सावनेरचा. त्याचे वडील कोळशाच्या खाणीत कामाला. आवाज खणखणीत, पण प्रार्थनेत तो नेहमी अर्धा शब्द मागे राहायचा. सगळे ओळ संपवून थांबायचे, आणि मग याचा शेवटचा शब्द एकटाच पडायचा.

त्यावरून कवडू एकदा मौनाच्या वेळेत हसला होता. दुसऱ्यांदा त्याच्याशीच कुजबुजताना सापडला होता. रेक्टर फादरांच्या, म्हणजे सेमिनरीच्या प्रमुखांच्या, वहीत कवडूच्या नावापुढे मौन मोडल्याच्या दोन खुणा होत्या.

तिसरी खूण म्हणजे घरी.

त्या आठवड्यात रिट्रीट होती. आठ दिवस संपूर्ण मौन. खुणेनेही बोलायचं नाही, फार तर मान हलवायची. बोलायचं असेल तर फक्त रेक्टरांशी, त्यांच्या खोलीत.

मौन सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी चंद्रभानने कवडूला बागेत गाठलं.

"मी चाललो गा," तो म्हणाला. "गुरुवारी, दुपारच्या झोपेत. रेक्टरनं हो म्हटलं."

कवडूने विचारलं, काहून?

"मले मास्तर व्हायचं हाये. तू हो फादर. मी तुह्याचपाशी येईन पापं कबूल कराले. पण आयकता आयकता घोरजो नको."

कवडूला हसू आलं, रडूही आलं.

सेमिनरी सोडणाऱ्याला तिथे निरोप नसे. बाकीच्यांचं मन डळमळू नये म्हणून रीतच तशी होती. सगळे दुपारी झोपलेले असताना जाणाऱ्याने आपली गादी गुंडाळायची, पिशवी उचलायची, आणि समोरच्या फाटकाने न जाता मागच्या वाटेने, झाडांमधून, कुंपणाच्या खिंडारातून रस्ता गाठायचा. कुणी पाहायचं नाही. नंतर कुणी विचारायचं नाही. त्याचं नावही घ्यायचं नाही. घरच्यांना रेक्टर पत्र लिहीत, आणि या वेळी तेही रिट्रीट संपल्यावर जाणार होतं.

गुरुवारी दुपारी कवडू डोळे मिटून पडून होता. गादी गुंडाळल्याचा आवाज त्याने ऐकला. पिशवीचा बंद ओढल्याचा ऐकला. मग चपला... व्हरांड्यातून लांब लांब जाणाऱ्या.

मग काही नाही.

पावणेतीनला घंटा झाली. सगळे चॅपलमध्ये गेले. कवडू गुडघ्यावर बसला आणि सवयीने त्याने डावीकडे पाहिलं.

जागा रिकामी होती.

पण गुडघे टेकायच्या फळीवर दोन ओले ठसे होते...

त्याला वाटलं, जाण्याआधी चंद्रभान हातपाय धुऊन इथे येऊन बसला असेल. साडेचारला तो पुन्हा आला. ठसे तसेच. त्याने बोट लावून पाहिलं.

गार होते.

बाहेर त्रेचाळीस अंश. खिडकीवरचे वाळ्याचे पडदेसुद्धा कोरडे ठणठणीत. आणि ती फळी माठाच्या पोटासारखी गार.

त्याने आपल्या झग्याच्या बाहीने ती पुसली. स्वच्छ पुसली.

शुक्रवारी सकाळी ठसे पुन्हा होते.

स्तोत्रं म्हणताना अर्धे विद्यार्थी एक ओळ म्हणत, समोरचे अर्धे दुसरी. कवडूच्या बाजूची ओळ संपली. सगळे थांबले.

आणि डावीकडून, अगदी खांद्याजवळून, शेवटचा शब्द आला...

अर्धा शब्द मागे.

कवडूने समोर पाहिलं. समोरच्या रांगेतला एकही चेहरा हलला नव्हता. पुढची ओळ. पुन्हा तेच. आवाज चंद्रभानचाच होता, पण नेहमीसारखा खणखणीत नव्हता. घसा कोरडा पडलेल्या माणसाचा होता.

त्या दुपारी कवडू रेक्टरांच्या खोलीत गेला. ओलीचं सांगायचं, आवाजाचं सांगायचं, असं ठरवून गेला. दारात त्याला आईचा बिनसाखरेचा चहा आठवला.

"फादर, ब्रदर चंद्रभान घरी पोचला असेल ना?" एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

रेक्टर वाईट माणूस नव्हते. त्यांनी वही उघडली, कवडूच्या नावावर बोट ठेवलं.

"गेलेल्याची चौकशी करायची नाही, ब्रदर. ते आपल्यासाठी संपलं. इथे दोन खुणा आहेत. पाच दिवस राहिलेत. तिसरी मला करायला लावू नका."

कवडू मान हलवून परत आला.

रात्री त्याने स्वतःला समजावलं, की चंद्रभान घरी आहे. मजेत आहे. आईच्या हातचं जेवून झोपला असेल. आपल्याला सोबतीची सवय आहे, म्हणून कान वाजतात.

शनिवारी सकाळी आवाज आला. दुपारी आला, पण अर्धा शब्द नाही, दोन-तीन शब्द मागे. जणू म्हणणाऱ्याला ओळ सापडतच नव्हती.

संध्याकाळच्या प्रार्थनेत तो एका ओळीच्या मधेच थांबला.

कवडू वाट पाहत राहिला.

पुढची ओळ गेली. त्याच्या पुढचीही गेली. डावीकडे आता काहीच नव्हतं. वाळ्याच्या पडद्यामागे एक माशी घोंगावत होती, तेवढीच.

कवडू म्हणाला होता, आवाज येत होता तेव्हा मी घाबरलो होतो. पण तो थांबला तेव्हा जे वाटलं, त्याला मला नाव देता येत नाही.

रविवारी दुपारी दाराची पाळी कवडूची होती. रिट्रीटमध्ये दारावरच्या माणसानेही बोलायचं नसतं. त्याच्याजवळ एक पाटी असे. 'मौन चालू आहे. बुधवारनंतर यावे.' कुणी आलं की पाटी दाखवायची, हात जोडायचे.

दोनच्या सुमाराला कडी वाजली.

दारात साठीचा एक माणूस उभा होता. डोक्याला उपरणं, खांद्यावर टरबूज, पायात खाणीतले जाड बूट. कवडूने त्याला आधी दोनदा पाहिलं होतं. चंद्रभानचे वडील, रुपराव.

"जय येशू," रुपराव म्हणाला. "चंद्रभानले बोलाव ना गा, बाबू. सांग, तुहा बाप आला."

कवडूने पाटी उचलली.

ती पुढे केली.

रुपरावने ती उलटसुलट पाहिली. "हे काय लिवलं? मले कुठं वाचता येते. तोंडानं सांग ना. दात दुखते काय तुहा?"

कवडूने हात जोडले.

रुपराव स्वतःच आत येऊन बाकावर टेकला. टरबूज मांडीवर घेतलं. तो आपल्याच नादात बोलत होता. चंद्रभानच्या मायने रात्रीपासून जीव खाल्ला, म्हणाली, पोरगं पानी पानी करून राह्यलं असं सपनात दिसलं, जाऊन पाहून या. म्हणून पहिल्या बसनं निघालो, वाटेत बस बिघडली.

मग त्याने वर पाहिलं.

"बरा हाये ना गा तो?"

आणि कवडूने मान हलवली.

वर, खाली. पाच वर्षांची सवय. कुणी काही विचारलं की मान हलवायची. ती हलून गेल्यावर त्याला कळलं, आपण काय केलं.

रुपरावचा चेहरा उजळला. "मंग झालं. भेटू नाई देत तं नाई देत. नियम म्हंजे नियम." तो वाकून टरबूज बाकाखाली ठेवू लागला, आणि थांबला.

"इथं पानी सांडलं काय?"

त्याच्या बुटांसमोर, जेमतेम वीतभर अंतरावर, दोन ओली पावलं होती. एक चपलेचं. एक अनवाणी.

दोन्हींची टोकं रुपरावकडे...

कवडूने मागे पाहिलं. मागच्या व्हरांड्यातून पावलांची रांग आत आली होती. फक्त येणारी. जाणारी नव्हती.

रुपरावने तळहात फरशीवर टेकवला. "गार हाये गा," तो नवलाने म्हणाला. ओला हात त्याने आपल्या चेहऱ्यावरून फिरवला, घाम पुसावा तसा. मग कवडूच्या पाठीवर थाप मारली, टरबूज त्याले दे म्हणाला, अन् अर्धं तू खाय, आणि बाहेर पडला.

तो फाटकाकडे चालला होता. कवडू दारात उभा होता. हातात पाटी.

भर उन्हात, तापलेल्या मुरमावर, रुपरावच्या मागे एकेक ओलं पाऊल उमटत गेलं. दहा पावलं. बारा. मग ती वळली. फाटकाकडे नाही, मागच्या बागेकडे.

आणि तिथेच थांबून राहिली. जणू कुणी मागून येतंय का ते पाहत...

पुढे काय सापडलं ते इथेच सांगते, कारण नंतर सांगवणार नाही. मागच्या वाटेवर एक पडीक विहीर होती. वर कुजक्या फळ्या, फळ्यांवर पाचोळा. चंद्रभान त्यात पडला होता. एक पाय मोडला होता. डॉक्टरांनी लिहिलं, मृत्यू शनिवारी संध्याकाळच्या सुमारास.

म्हणजे गुरुवारची दुपार, शुक्रवार आणि शनिवार, तो जिवंत होता. तीनशे पावलांवर चाळीस माणसं मौन पाळत होती. गेलेल्याबद्दल कुणी विचारायचं नव्हतं.

म्हणजे शुक्रवारी कवडूच्या डाव्या खांद्याशी आलेला आवाज मेलेल्या माणसाचा नव्हता.

आणखी एक. विहीर फेब्रुवारीपासून आटलेली होती. तळाशी पाण्याचा थेंब नव्हता. चंद्रभानचे कपडे कोरडे होते. मग ती ओल कुठली? मी त्यावर खूप विचार केला आहे. अजूनही एप्रिलमध्ये घरात कुठे ओला ठसा दिसला की मी घड्याळ पाहते, आणि तो सुकेपर्यंत तिथून हलत नाही.

पण त्या रविवारी कवडूला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला दिसत होती ती थांबलेली पावलं, आणि फाटकाची कडी काढणारा म्हातारा. वरच्या खिडकीत रेक्टर फादर उभे होते. ते पाहत होते, हेही त्याला दिसत होतं.

आई आठवली. उरलेली तीन वर्षं आठवली.

त्याने पाटी खाली ठेवली.

पाच दिवसांत कुणाला हाक न मारलेला आवाज आधी फुटलाच नाही. दुसऱ्यांदा फुटला, आणि साऱ्या आवारात ऐकू गेला.

"काका, थांबा. मी खोटं सांगतलं तुमाले. चंद्रभान इथं नाई. गुरुवारपासून नाई. चाला मायासंगं, मागच्या वाटेनं. आपून त्याले शोधू."