लाल मण्यांची पोती

"सबिना, हात बघ तुझे!" मूसा ओरडला.

सबिनाचे तळवे लालभडक झाले होते! ईदची आणि पाद्र्यांच्या शाळेची सुट्टी यंदा एकाच आठवड्यात आली होती. त्यामुळे सबिना, मूसा आणि गोवेकर शिंप्याचा कायतान सकाळपासून मोझांबिक बेटाच्या धक्क्यावर उंडारत होते. तिथे रचलेल्या पोत्यांतून सांडलेले मणी सबिनाने समुद्रात धुतले, तर हातात उरला नुसता चिखल!

"अगं, हे तर मातीचे! वरून रंग फासलाय!" कायतान म्हणाला.

सबिनाने पोत्यांकडे पाहिलं. दुपारी भरतीबरोबर हीच पोती नदीवरच्या राजाकडे निघणार होती. हस्तिदंताच्या बदल्यात अस्सल काचेचे मणी देण्याचा शब्द देऊन तिचे बाबा माल पोचेपर्यंत तिथेच राहिले होते. हा माल बघून राजा त्यांना सोडेल?

तिघं वखारीत धावले. कारकून लोरेन्सो कडक पांढरी कॉलर सावरत बसला होता.

"सेन्योर, ते मणी एकदा पाण्यात टाकून तरी बघा!" सबिना म्हणाली.

"मी स्वतः घेतलाय माल, तोही स्वस्तात! पोरं मला शिकवणार? चला, पळा!"

"आता?" मूसा कुजबुजला.

सबिना हसली. "आता त्यांचा सत्कार!"

दुपारी गलबताला निरोप द्यायला सगळं बेट जमलं. सबिनाने पुढे होऊन त्याच मण्यांची जाडजूड माळ लोरेन्सोच्या गळ्यात घातली.

"सुधारलीत म्हणायची!" तो खूश झाला आणि भर उन्हात लांबलचक भाषण ठोकू लागला. घामाच्या धारा लागल्या. कॉलर गुलाबी झाली, मग लाल!

"रक्त! रक्त!" बायका किंचाळल्या. लोरेन्सो मटकन खाली बसला.

"रक्त नाही, सेन्योर," सबिना म्हणाली, "तुमचा स्वस्त माल आहे!"

गलबताचा तांडेल हमाद पुढे आला आणि त्याने मूठभर मणी बादलीत टाकले. पाणी गढूळ झालं. "उतरवा सगळी पोती!" तो गरजला. मूसाच्या आजोबांनी आपल्या दुकानातले काचेचे मणी काढून दिले, आणि त्या मण्यांची पोती लोरेन्सोला स्वतःच्या पाठीवरून गलबतापर्यंत वाहावी लागली!

पाच आठवड्यांनी गलबत हस्तिदंत घेऊन परतलं. बाबा धक्क्यावर उतरले. वाटेत हमादने त्यांना सगळं सांगितलं होतं. ते तिघांसमोर येऊन उभे राहिले, डोक्यावरची टोपी काढली आणि वाकले.

सबिना बघतच राहिली. किल्लेदारासमोरसुद्धा टोपी काढताना कुरकुरणारे तिचे बाबा!