बावन्न किलो दोनशे ग्रॅम

निफाडच्या रस्त्यावर भर उन्हात पायल प्लास्टिकचं जाकीट घालून धावत होती. तोच एक पिकअप तिच्या शेजारी येऊन रेंगाळली.

“मॅडम, मागं कोणी लागलंय का?”

“वजन,” ती धापा टाकत म्हणाली.

गाडीतल्या तरुणानं, साईनं, हसून द्राक्षांचा घड पुढे केला. पायलनं त्याच्याकडे असं पाहिलं, की घड मुकाट्यानं आत गेला.

एमएमए, म्हणजे कुस्ती-बॉक्सिंग सगळं चालणाऱ्या लढतींच्या, स्ट्रॉवेट या हलक्या वजनगटात ती लढायची. मर्यादा बावन्न किलो दोनशे ग्रॅम. मागच्या वेळी ती तीनशे ग्रॅम जास्त भरली आणि लढतच रद्द झाली. आता नाशिकच्या लढतीत पुन्हा तसं झालं, तर संघातून नाव कटणार होतं.

दुसऱ्या दिवशी साई सायकल घेऊन हजर. मग रोजच. तिच्या गटातल्या गाजलेल्या लढती त्यानं मोबाइलवर पाहून काढल्या.

“ती पोलंडची योआना लय भारी हाय.”

“चीनच्या वेईलीनं तिला दोनदा हरवलंय.”

“मग मी वेईलीच्या बाजूनं.”

“इतक्या लवकर पार्टी बदलतोस?”

“मला तुमच्या बाजूनं यायचं होतं... वेईली मध्येच आली.”

पायल पुढे बघत धावत राहिली. गाल तापले होते — उन्हानं नव्हे.

वजनाच्या दिवशी काट्यावरचा आकडा हलला, थांबला... बावन्न किलो शंभर. दारात उभ्या साईनं तेव्हा कुठे श्वास सोडला.

लढतीच्या पहिल्याच फेरीत तिची भुवई फुटली. दुसऱ्या फेरीत नागपूरची प्रतिस्पर्धी पाय धरायला वाकली आणि पायल तिच्या पाठीवर चढली. गळ्याभोवती हात आवळला. क्षणभर काहीच घडलं नाही... मग पायलच्या दंडावर थापा पडल्या. नागपूरच्या मुलीनं हार मानली होती. पंचानं पायलचा हात उंचावला. सगळा हॉल उठून उभा राहिला.

लढतीच्या जाळीदार पिंजऱ्याबाहेर साई बर्फाची पिशवी घेऊन थांबला होता. डोळे भरलेले.

“पायल, तुला एक सांगायचं...”

“आज मी जिंकलेय, मी आधी बोलणार.” तिनं पिशवीसकट त्याचा हात धरला. “मला तू आवडतोस, साई. खूप.”

त्यानं पिशवी अलगद तिच्या फुटलेल्या भुवईला टेकवली.

“घरी काय सांगशील?” तिनं विचारलं.

“आईला महिन्यापूर्वीच सांगितलं. ती बघ...”

तिसऱ्या रांगेत, पदर खोचून, साईची आई शकुबाई तोंडात दोन बोटं घालून शिट्ट्या मारत होत्या.

भुवईची कळ विसरून पायल खळखळून हसली आणि साईचा हात न सोडता त्यांच्याकडे निघाली.