क्लचवरचा पाय

ही गोष्ट खरी आहे. माझ्या मामांच्या बाबतीत घडलेली. मामांची लंगडी चाल मी रोज बघतो, आणि ती जिन्यावरून पडून आलेली नाही.

भुतं फक्त रात्री येतात असं वाटत असेल, तर तेही डोक्यातून काढून टाका. शनिवार होता. भर दुपार. शेजारच्या सुताराची करवत चालू होती.

मामांचं गॅरेज जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांचं. नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगायचे, म्हणून सगळे त्यांना कानसेन म्हणत. हाताखाली मामींचा धाकटा भाऊ, लंबू. त्या बुटक्या गाड्यांत बसला की त्याचे गुडघे कानाला लागायचे. मामा त्याला दिवसभर बोलायचे आणि जेवताना आपल्या ताटातलं वाढायचे.

त्या दिवशी दुरुस्तीला आली होती एक हिरवी, दोन सीटची गाडी. मालक डोळ्यांचा डॉक्टर. तक्रार एकच... इंजिन सारखं झिजतंय.

इंजिनातला मुख्य दांडा पुढेमागे सरकू नये म्हणून दोन बाजूंना पातळ चकत्या असतात. ड्रायव्हर क्लचवर पाय टाकून बसला की दांडा पुढे रेटला जातो आणि चकत्या झिजतात.

"डॉक्टर, तुमचा पाय सारखा क्लचवर असतो," मामा म्हणाले होते.

"शपथेवर सांगतो, गरजेशिवाय लावत नाही."

"मग चकत्या काय उंदरांनी खाल्ल्या?"

तपासायची रीत सोपी आहे. गाडी बंद. एकाने आत बसून क्लच दाबायचा, दुसऱ्याने बॉनेटखाली त्या दांड्याच्या टोकावरच्या पुलीवर बोट ठेवायचं. "दाब" म्हटलं की दाबायचं, "सोड" म्हटलं की सोडायचं. मामा आणि लंबूने हे शेकडो वेळा केलं होतं. लंबूला तर "सोडू का?" असं आधीच विचारायची घाई.

गाडीचं तोंड भिंतीकडे होतं. मामा मधल्या फटीत उभे राहून वाकले.

"दाब."

खट... पुली चांगलीच पुढे आली.

"सोड."

काहीच नाही.

"अरे सोड ना, झोपलास का?"

आणि आवाज आला... फाटकाकडून.

"दाजी, मला म्हणताय? मी इथे आहे."

मामांनी बॉनेटच्या कडेने आत पाहिलं. सीट रिकामी होती.

क्लचचं पेडल हळूच वर आलं... आणि इंजिन सुरू झालं. किल्ली मामांच्या खिशात होती.

गाडी उसळली आणि मामांना घेऊन भिंतीवर आदळली. खुबा फुटल्याचा आवाज त्यांना करवतीच्या वरताण ऐकू आला. गाडी थांबली नाही. चाकं फिरत होती, रबर जळत होतं, लोखंड मांसात घुसत होतं. तोंडात रक्त आलं.

लंबू धावत आला. आत घुसला आणि डावा पाय क्लचवर मारला.

रेटा थांबला. क्लच दाबलेला असला की इंजिन कितीही बोंबललं तरी चाकांना जोर पोचत नाही.

"दाजी, निघा. लवकर."

मामा भिंतीला नखं लावून सरकत होते. तेवढ्यात त्यांनी काचेतून पाहिलं... लंबूच्या पायाखालून काहीतरी पेडल वर ढकलत होतं.

त्याने दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरला. नडगी वाकली. मग मोडली. हाड पँट फाडून बाहेर आलं. तरी पाय काढला नाही. मग स्टीअरिंगचा दांडा पुढे आला... त्याच्या छातीत. बरगड्या एकेक करून मोडल्या.

मामा बाजूला कोसळले.

"दाजी... सोडू का?" लंबूने विचारलं.

मामांना उत्तर देता आलं नाही. तोंडात रक्त भरलं होतं.

लोक जमले तेव्हा इंजिन थंडगार होतं. लंबू गेला होता. त्याचा पाय पेडलवरून निघेना, शेवटी पेडलच कापलं. मामींनी कितीतरी दिवस मामांशी बोलणं टाकलं होतं.

नवं पेडल बसवून गाडी विकली गेली. पुढे आणखी कोणी कोणी घेतली.

गेल्या वर्षी मामांना एक फोन आला. माणूस अनोळखी.

"तुम्ही आवाजावरून इंजिन ओळखता ना? माझ्या चकत्या सारख्या जातायत. क्लचवर पाय टाकत नाही मी. आत्ता गाडीतच बसलोय, मुलगी बॉनेटमध्ये वाकून पुली बघतेय."

"रंग कोणता?"

"हिरवा. हसू नका, पण खालून कोणीतरी विचारतं... दाजी, सोडू का?"

मामा ढसाढसा रडले. पोरगं इतकी वर्षं एका शब्दाची वाट बघत बसलं होतं.

"फोन पेडलपाशी धरा," ते म्हणाले. आणि मग, "सोड बाळा. सोड आता."

खट...

तेव्हा मामांना कळलं. त्या दुपारीही "सोड" आपणच म्हटलं होतं. तोवर कोणीतरी क्लचवर पाय रोवून त्या गाडीला आवरून बसलं होतं, म्हणूनच चकत्या झिजत होत्या. ते सुटलं, आणि त्याच्या जागी लंबू बसला होता.

फोनमध्ये इंजिन गरजलं. मुलीची किंकाळी. गाडी भिंतीवर आदळल्याचा आवाज. मग बापाचा आवाज, "निघ बाळा, निघ..." आणि ओल्या फांद्या मोडाव्यात तसं काहीतरी मोडत राहिलं.

मुलगी वाचली. पाय गेले. बाप सीटवरच गेला.

त्याच्या फोनचा त्या दिवशी चुरा झाला होता. तरी त्याच नंबरवरून अजून फोन येतो. मी एकदा कानाला लावला. आधी खट... मग एका परक्या माणसाचा दमलेला आवाज.

"सोडू का?"

मामा काही बोलत नाहीत. नुसते ऐकत बसतात.

मला भीती वेगळीच आहे. मामांचं वय झालंय, हल्ली ते झोपेत बडबडतात. आणि फोन उशाशीच असतो.