वाळूतली हाक

डिसेंबरच्या सुट्टीतली दुपार होती. थालीपिठांचा डबा आणि वाळूवर घसरायच्या दोन फळ्या घेऊन तिघं आखातातल्या अल सद्दच्या घरून निघाली, ती थेट मेसईदच्या पुढच्या टेकड्यांवर आली. मालविकाचा नवरा कौशिक पायथ्याशी गाडीच्या चाकांतली हवा कमी करत बसला, वाळूत रुतू नये म्हणून. मालविका दुसरी फळी घेऊन पंधरा वर्षांच्या गार्गीमागून धापा टाकत माथ्यावर पोचली.

पलीकडे उतार कसला, कडाच होता.

"ममा, धिस इज द रिअल वन!" फळीच्या बुडाला मेणबत्ती घासत गार्गी म्हणाली.

"माझ्याच्यानं नाही व्हायचं बाई."

"यू ऑल्वेज से दॅट."

मालविकाला ते लागलं. आईनं मराठीत बोलायचं, लेकीनं इंग्रजीत उत्तर द्यायचं, हा त्यांच्या घरचा दहा वर्षांचा रिवाज.

गार्गी सुटली. तिच्याखाली वाळू घुमू लागली, लांबून विमान जावं तशी. इथली वाळू गाते हे मालविकानं ऐकलं होतं. पण तेवढ्यात वारा उठला, पिवळ्या धुळीनं सगळं गिळलं, आणि लेक दिसेनाशी झाली तरी ते घुमणं काही थांबेना...

"गार्गी!"

तोंडात धूळ, नाकात खारट कुबट वास.

मग डावीकडून, अगदी जवळून, तिचाच आवाज आला. "आई... मी इकडे आहे. इकडून ये ना."

जीव भांड्यात पडला. मालविका दोन पावलं त्या बाजूला गेलीसुद्धा. आणि थबकली. पहिलीत गेल्यापासून गार्गीनं तिला 'आई' म्हटलं नव्हतं.

"आई... ये ना गं..."

मालविकानं आवाजाकडे पाठ केली. दुसरी फळी कड्यावर टेकवली, तिच्यावर बसली, कुलदेवतेचं नाव घेतलं आणि स्वतःला सोडून दिलं.

वाळू हाडांत घुमत होती. अर्ध्या उतारावर भीती कुठेतरी मागेच पडली आणि तिच्या तोंडून आरोळी फुटली, शाळेत खो-खोचा सामना जिंकल्यावर फुटायची तशी. तळाला ती कोलांटी खाऊन थांबली, तर समोर फळीला मिठी मारून बसलेली गार्गी!

"ममा! यू डिड इट!"

दोघी हसल्या, रडल्या, पुन्हा हसल्या.

"जागची का नाही हललीस गं?" मालविकानं विचारलं.

गार्गीचा चेहरा उतरला. "समवन वॉज कॉलिंग मी. युअर व्हॉइस. 'कम धिस वे, गार्गी.' बट... यू नेव्हर टॉक टू मी इन इंग्लिश."

धूळ बसली. डावीकडे, हाक आली होती त्या बाजूला, पांढरा, सपाट पट्टा चमकत होता. सबखा. वरून मीठ, खाली चिखल; अख्खी गाडी पोटात घेणारा. दोघींनी हात घट्ट धरले आणि तो कडा चढून पार केला. माथ्यावर पोचल्यावर मालविकानं पदर खोचावा तसं जॅकेट कमरेला बांधलं. आता तिला कशाचीच भीती वाटत नव्हती.

गाडी निघाली. मागच्या सीटवर गार्गी आईच्या खांद्यावर डोकं ठेवून थालीपीठ खात होती.

कौशिकनं एकदम ब्रेक दाबला. "अगं, गार्गी राहिली की मागे! हाक मारतेय बघ."

काचेबाहेरून आवाज आला. आता तो बरोबर शिकला होता.

"ममा... वेट फॉर मी..."

मालविकानं लेकीचा तेलकट हात घट्ट दाबला.

"गार्गी इथे आहे," ती म्हणाली. "यल्ला, चल."